कोल्हापूरच्या पावसात सक्युलंट का सडतात आणि ते जगवायचे कसे

ताई, तुम्ही विचारलंय ते असं की राजारामपुरीत फ्लॅट आहे, बाल्कनी पूर्वेकडची, मार्चमध्ये सहा सक्युलंट (जाड पानांत-दांड्यांत पाणी साठवणारी झाडं) आणले, चार इचेवेरिया, एक जेड, एक हॉवर्थिया. मेपर्यंत एकदम झकास होते आणि जुलैत पंधरा दिवसांत चारही इचेवेरिया बुडातून काळे पडून आडवे झाले. पाणी तर दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे आठवड्यातून एकदाच घालत होता. मग चुकलं कुठं, आणि किती दिवसांनी पाणी घालायचं?

चुकलं ते त्या "आठवड्यातून एकदाच" मध्येच. म्हणजे तुम्ही पाणी जास्त घातलं असं नाय, मार्चमध्ये जो हिशोब बरोबर होता तोच तुम्ही जुलैत चालू ठेवला. मी गेली चौदा-पंधरा वर्षं फुलेवाडीला गच्चीवर हीच झाडं वाढवतोय, सुरुवातीला हौस म्हणून आणि आता थोडी विक्रीपण करतो, आणि माझ्याकडं येणाऱ्या दहा तक्रारींपैकी आठ-नऊ जून ते सप्टेंबरमधल्याच असतात. उन्हानं मेलं असं सांगत क्वचितच कोण येतं. कोल्हापुरात सक्युलंट तहानेनं मरत नाही, ओल धरून मरतं, एवढं एक डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

आता ओल म्हणजे पाऊसच वाईट असं पण नाय हां. पन्हाळ्याच्या बाजूला कातळावर, उतारावर निवडुंग बघितलाय ना, तो अख्खा पावसाळा भिजत उभा असतो, काय होतंय त्याला? आपल्या सह्याद्रीत शिंदळ माकुडी म्हणून एक सक्युलंट आहे, महाराष्ट्र सोडून कुठंच जंगलात सापडत नाही, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावावरनं ते ठेवलेलं. हे झाड चक्क पावसाळ्यात पानं काढतं, लालभडक चांदणीसारखी फुलं काढतं आणि उन्हाळ्यात पानं टाकून नुसत्या जाड दांड्यांवर राहतं. पण ते वाढतं कुठं तर कड्याच्या भेगेत, उभ्या दगडावर. डोक्यावर धो धो पाऊस आणि मुळाशी थेंब थांबत नाही. आपण काय करतो, प्लॅस्टिकच्या कुंडीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबून भरतो, खाली प्लेट ठेवतो आणि वर म्हणतो मी तर पाणी कमीच घालते.

(शिंदळ माकुडी डोंगरावरनं उपटून आणू नका, आधीच दुर्मिळ आहे. कटिंगवरनं सोपी लागते, कुणा जाणकाराकडनं तुकडा मिळाला तरच घ्या. कंदिलासारखी फुलं येणाऱ्या रानातल्या कंदीलपुष्पांचंपण तेच, बघायची असतील तर शिवाजी विद्यापीठाच्या बॉटनिकल गार्डनमध्ये त्यांचा मोठा संग्रह आहे.)

जुलैतच का मरतात ते सांगतो, कारण हे कळलं की पाण्याचं वेळापत्रक विचारावंच लागत नाही. साध्या झाडाच्या पानाची बारीक छिद्रं दिवसा उघडी असतात, त्यातनं हवा आत आणि वाफ बाहेर. सक्युलंटची उलटी तऱ्हा, दिवसा दारं बंद आणि रात्री उघडणार. रात्री घेतलेली हवा आम्ल करून पानात साठवायची आणि दिवसा दारं लावून उन्हात वापरायची. 1815 च्या आसपास बेंजामिन हेन नावाच्या माणसानं, तो इथं ईस्ट इंडिया कंपनीकडं वनस्पतिशास्त्रज्ञ होता, आपली पानफुटी चावून बघितली आणि लिहून ठेवलं की सकाळी पान आंबट लागतं आणि दुपारनंतर आंबटपणा जातो. ते रात्रीचं साठवलेलं आम्ल दिवसा संपतं म्हणून. (तुम्ही चावत बसू नका, पानफुटीच्या जातीत विषारी द्रव्यं असतात.) तर मुद्दा असा की या झाडाला पाणी ओढायला आणि खर्चायला दिवसाचं ऊन आणि रात्रीची कोरडी, गार हवा लागते. तरणा आणि म्हातारा पाऊस लागला की आपल्याकडं आठ-आठ दिवस सूर्य नाही, हवा नुसती ओली, भिंतीला बुरशी, वाळत घातलेली चड्डी तिसऱ्या दिवशी पण दमट. अशा वेळी झाड पाणी पीतच नाही. तुम्ही घातलेला पेला कुंडीत तसाच बसून राहतो, मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग बुरशी आत शिरते. वरनं झाड पंधरा दिवस ठणठणीत दिसतं, कारण पानात पाणी साठलेलं असतं ना. तुम्हाला कळतं तेव्हा मुळं कधीच गेलेली असतात.

म्हणून मी माणसांना पंचगंगेचं उदाहरण देतो. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका, आपण कोल्हापूरकर जुलैत सकाळी उठून आधी पातळी बघतो, तारीख बघून कोण ठरवतं का पूर आला म्हणून? कुंडीचं पण तसंच, तारीख बघायची नाही, पातळी बघायची. पातळी बघायची कशी तर सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे जळून गेलेल्या उदबत्तीची काडी. कुंडीच्या कडेनं पार तळापर्यंत खुपसायची, दोन मिनिटं थांबायचं, काढून गालाला लावायची. गार लागली किंवा माती चिकटून आली की पाणी नाही, विषय संपला. दुसरं म्हणजे कुंडी उचलून बघायची. पाणी घातल्या घातल्या एकदा उचला आणि पूर्ण वाळल्यावर एकदा उचला, हाताला फरक कळतो, महिन्याभरात सवय होते. आणि तिसरं, झाड स्वतः सांगतं, इचेवेरियाची खालची पानं हलकी मऊ पडतात, जेडचं पान दोन बोटात वाकतं, हॉवर्थियाची पानं मिटल्यासारखी आत वळतात. तहानलेलं पान सुरकुततं पण रंग नॉर्मल असतो. सडकं पान पिवळट काचेसारखं पारदर्शक होतं आणि हात लावला की गळून पडतं. हे दोन उलटसुलट समजून लोक काय करतात, पान मऊ पडलं म्हणून अजून पाणी घालतात, झालं मग.

तरी अंदाज पाहिजेच असेल तर माझ्या गच्चीवरचा सांगतो, चार इंची कुंडी, खाली सांगतोय ती माती. दिवाळी ते फेब्रुवारी आठ-दहा दिवसांनी, कारण हा यांचा खरा वाढीचा सीझन, दिवसा ऊन आणि रात्री थंडी, इचेवेरियाच्या कडांना गुलाबी रंग याच दिवसात चढतो. मार्च-एप्रिल पण तसंच चालतं, फक्त संध्याकाळी घालायचं. मे मध्ये जरा हात आखडता. मृग निघाला की शेडखाली असलेल्या झाडांना तीन आठवड्यांनी एकदा, तेही दोन दिवस उघडीप मिळाली तरच, आणि झड लागली असेल तर महिनाभर नाही घातलं तरी काय बिघडत नाही. घालायचं तेव्हा मात्र भोकातनं बाहेर येईपर्यंत भरपूर घाला. तो चमच्या-चमच्यानं घालायचा प्रकार नको, वरचं दोन बोटं ओलं आणि खाली मुळं कोरडी असं होतं. आणि ते स्प्रेनं पानावर फुसफुस करणं लगेच बंद करा, इचेवेरियाच्या मधल्या गाभ्यात पाणी साचलं की तिथनंच कुजतं.

आता माती. इथं मी जरा जास्त बोलणार, कारण निम्मं काम इथंच होतं. नर्सरीतनं झाड येतं ते बहुतेक नुसत्या कोकोपीटमध्ये असतं, कारण ते हलकं असतं, गाडीतनं पाठवायला बरं, आणि त्यांना काय झाड महिनाभरच सांभाळायचं असतं. कोकोपीट पावसाळ्यात वाळता वाळत नाही आणि उन्हाळ्यात एकदा कडक वाळलं की पाणीच धरत नाही, कडेनं निघून जातं. आपली काळी माती तर नकोच, ओली झाली की लोण्यासारखी आणि वाळली की भेगा, उसाला उत्तम, इथं उपयोग नाही. मी वापरतो ते सगळं गावातलंच आहे. वीटभट्टीवर भाजलेल्या विटांचे तुकडे पडलेले असतात, ते हातोडीनं फोडायचे, किंवा पन्हाळा, राधानगरीकडचा जांभा मिळाला तर तो. मग दोन चाळण्या, मोठ्या भोकाच्या चाळणीतनं पडेल ते घ्यायचं आणि घरातल्या पिठाच्या चाळणीतनं पडेल ते टाकून द्यायचं (घरातली म्हणजे घरातल्यांना विचारून, माझी एक चाळण अजून चर्चेत आहे). मधला जो राहतो, ज्वारीच्या दाण्यापासनं हरभऱ्यापर्यंतच्या आकाराचा, तो आपला माल. तो दोन घमेली, जाडी क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) एक घमेलं, आणि चांगलं कुजलेलं, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक घमेलं. वर मूठभर कोळशाचे बारीक तुकडे आणि मूठभर निंबोळी पेंड. क्रश सँड आधी बादलीत धुऊन घ्या, तिच्यात दगडाची भुकटी लई असते, ती खाली बसून सिमेंटसारखी थर धरते. टेस्ट एकच, कुंडी भरून वरनं तांब्याभर पाणी ओता, चार-पाच सेकंदांत खालनं धार लागली पाहिजे. वर तळं साचलं तर परत चाळा.

एक गोष्ट खास कोल्हापूरची म्हणून सांगतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधली वापरलेली काळी वाळू फुकट मिळते म्हणून लोक आणतात, मी पण सुरुवातीला आणली होती, दोन पोती. दिसायला भारी, एकसारखी बारीक. पण साचा बांधायला तिच्यात बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी घातलेली असते, काही वाळूत रेझिन असतं. पाणी पडलं की बेंटोनाइट फुगतं आणि कुंडी ठप्प. माझी चाळीसेक रोपं त्यात गेली. तेव्हा फुकटचा नाद करू नका. साखर कारखान्याची मळी, म्हणजे प्रेसमड, तीही नको, भाजीपाल्याला सोनं आहे पण सक्युलंट त्यात फुगून लांबडं होतं आणि पावसात फुटतं.

कुंडीच्या तळाला खडीचा थर घाला म्हणजे निचरा होतो हे तुम्ही दहा ठिकाणी ऐकलं असेल. होत नाही. स्वयंपाकघरातला स्पंज घ्या, पूर्ण भिजवून हातावर आडवा धरा, थोडं गळून थांबेल. आता तोच उभा करा, परत पाणी गळायला लागेल. बारीक मातीच्या तळाशी काही उंचीपर्यंत पाणी अडकून राहतंच, खाली खडी असली तरी ते पूर्ण भरल्याशिवाय खडीत उतरत नाही. खडी घालून तुम्ही फक्त ती ओली पट्टी मुळांच्या अजून जवळ वर आणता. म्हणून सगळी मातीच जाडी करायची आणि भोक मोठं ठेवायचं. कुंडी साधी मातीची, शाहूपुरीत कुंभार गल्लीत किंवा बाजारात कुठंही मिळते, रंग न दिलेली घ्या, तिच्या अंगातनं ओल बाहेर पडते. झाडापेक्षा बोटभर मोठी बास, छोट्या झाडाला भलीमोठी कुंडी दिली की तेवढी माती ओली राहते आणि मुळं पीत नाहीत. भेट म्हणून मिळतात ते बिनभोकाचे चिनी मातीचे कप पेन ठेवायला छान आहेत.

वर रंगीत खडे डिंकानं चिकटवलेले असतील तर आल्या दिवशी फोडून काढा, खाली काय चाललंय ते दिसत नाही आणि ओल बाहेर पडत नाही.

पावसाळ्याची तयारी मे च्या शेवटच्या आठवड्यात, खरं तर वळीव सुरू व्हायच्या आधीच. वळवाचा धोका वेगळाच आहे, संध्याकाळी तासभर बदाबदा कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी परत 38 डिग्री ऊन, तापलेल्या ओल्या कुंडीत मुळं अक्षरशः शिजतात. गच्ची असेल तर वरनं पारदर्शक शीट घाला, पॉलिकार्बोनेट किंवा पॉलिहाऊसचा 200 मायक्रॉनचा कागद, पण चारी बाजू उघड्या ठेवा. लोक सगळीकडनं बंद करून टाकतात आणि आत पार आंघोळीची खोली होते. हिरवी नेट फक्त ऊन अडवते, पाऊस नाही, हे सांगायला नको पण सांगतो, कारण दरवर्षी कुणीतरी विचारतं. तुमच्या बाल्कनीत पावसाचं झोडपणं येत असेल तर कुंड्या भिंतीकडं सरकवा, एकमेकांना चिकटून ठेवू नका, आणि जमलं तर एक छोटा टेबल फॅन दिवसातनं दोन-तीन तास. हसू नका, 2019 च्या पुराच्या वेळी आमच्याकडं दिवसच्या दिवस लाईट नव्हती, सगळी झाडं जिन्यात आणून ठेवली होती, पाण्याचा थेंब न घालता. तरी बंद हवेनं इतकी गेली की नंतर कुंड्या रिकाम्या करायलाच एक दिवस लागला. 2021 ला पाऊस तसाच पण झाडं वाऱ्याला ठेवली होती, नुकसान फार कमी. तुम्ही गगनबावड्याकडं राहत असता तर मी इचेवेरिया घेऊच नका म्हणालो असतो, आणि शिरोळकडं असता तर निम्म्या सूचना गाळल्या असत्या, एकाच जिल्ह्यात पाऊस इतका वेगळा आहे.

आता चार गेले त्यातलं काही वाचतंय का बघू. फेकले नसतील तर एक हातात घ्या. धारदार ब्लेड स्पिरिटनं पुसा आणि बुंधा आडवा कापा. काप तपकिरी दिसेल किंवा मधोमध तपकिरी ठिपका असेल. ब्लेड परत पुसा, पाव इंच वर परत कापा. असं करत वर जायचं, जोपर्यंत काप पूर्ण स्वच्छ फिकट हिरवा येत नाही तोपर्यंत, एक टाचणीएवढा डाग जरी राहिला तरी तो आठ दिवसांत सगळं खाणार, दया दाखवू नका. बऱ्याचदा शेवटी हातात नुसता रुपयाएवढा शेंडा राहतो, राहू दे. तो सावलीत कागदावर पाच-सात दिवस उघडा ठेवायचा, पावसाळ्यात दहा, कापावर कोरडी खपली धरली पाहिजे. मग कोरड्या मातीवर नुसता टेकवायचा, पाणी नाही. दोन-तीन आठवड्यांत गुलाबी-पांढरी मुळं फुटतात, त्यानंतर पहिलं पाणी. कापाला हळद लावली तर चालते, पण हळदीनं झाड वाचत नाही, कोरडं ठेवल्यानं वाचतं. मी कृषी सेवा केंद्रात मिळणारं कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेबचं मिश्रण लिटरला दोन ग्रॅम घेऊन मातीत घालतो, पावसाळ्याच्या तोंडाला एकदा, हातात ग्लोव्ह्ज घालून आणि लहान पोरांपासनं लांब. सडलेल्या झाडावर ते ओतून काय उपयोग नाही.

गळलेली धड पानं असतील तर तीही ठेवा. देठाकडनं अख्खं सुटलेलं पान पाहिजे, अर्धं तुटलेलं चालत नाही. कागदाच्या ताटलीत पसरा आणि विसरून जा. महिन्याभरात टोकाला मुळं आणि मग तांदळाएवढं पिल्लू येतं. जेडचं आणि इचेवेरियाचं होतं असं, हॉवर्थियाला बाजूनं पिल्लं येतात तीच काढायची.

उजेडाचं तुमचं बरं आहे, पूर्वेचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन एकदम बेस्ट. फक्त टीव्हीच्या टेबलावर ठेवायचा मोह टाळा, तिथं झाड उजेड शोधत मान लांब करतं, दोन पानांतलं अंतर वाढतं आणि ते परत आखूड होत नाही, शेंडा कापून नव्यानं लावावा लागतो. आणि सावलीतलं झाड एकदम दुपारच्या उन्हात काढलं तर पानावर पांढरे भाजल्याचे डाग पडतात, ते जात नाहीत, तेव्हा आठवडाभर रोज थोडं थोडं सरकवत न्यायचं.

कीड म्हणाल तर एकच मुख्य, मिलीबग, पानाच्या बेचक्यात कापसासारखं दिसतं. मेडिकलमध्ये 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, कान कोरायच्या कापसाच्या काडीनं एक-एक टिपायचं, संध्याकाळी. नीम तेल इचेवेरियावर मारू नका, पानावरची ती पांढरी पावडर असते ना ती धुऊन जाते आणि उन्हात पान भाजतं. झाड विनाकारण खुरटलं तर एकदा कुंडीतनं काढून मुळं बघा, मुळांवर पांढरी पावडर दिसली तर तोही मिलीबगच, माती टाकून द्या, मुळं धुवा, वाळवून नवीन मातीत. पावसात गोगलगाई रात्री येतात, टॉर्च घेऊन उचलायच्या, दुसरा उपाय मला तरी मिळाला नाही.

आता तुमच्या हातात जेड आणि हॉवर्थिया राहिलेत, ते दोन्ही दणकट आहेत. आत्ता भर पावसात कुंडी बदलायला जाऊ नका, मुळं दुखावली की तीच जागा सडते. पाणी पूर्ण बंद, खालची प्लेट काढून टाका, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा म्हणजे भोकाला वारा लागेल. दसरा झाला की वर सांगितलेल्या मातीत बदला. घरात मांजर असेल तर जेड तिच्या तोंडापासनं लांब. आणि इचेवेरिया परत घ्यायचे असतील तर मार्चमध्ये नाही, नोव्हेंबरमध्ये घ्या, पावसाळा यायच्या आत मुळं धरायला सहा-सात महिने मिळतात. फुलेवाडीकडं आलात तर गच्चीवरनं शेंडे घेऊन जा, पैशाचं नंतर बघू.